कोणते मालेगाव? पीएचपीत कॉल करणाऱ्या कोडचा नेमस्पेस ओळखताना

धुळ्यात कोणी ‘उद्या मालेगावला जायचे आहे’ असे म्हटले, तर कोणते मालेगाव असे कोणी विचारत नाही. मुंबई–आग्रा महामार्गाने नाशिककडे जाताना लागणारे मालेगाव, हे ऐकणाऱ्याला आपसूक कळते. तेच वाक्य वाशीममध्ये उच्चारले, तर ते वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावविषयी असते. शब्द एकच, पण बोलणारा कुठे उभा आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. आता समजा, धुळ्यातल्या एखाद्या ट्रान्सपोर्टच्या कचेरीत फोन वाजला आणि पलीकडून ‘एक पार्सल मालेगावला पाठवायचे आहे’ एवढेच सांगितले गेले. फोन घेणाऱ्या कारकुनाला गावाचे नाव कळले, परंतु बोलणारा कुठून बोलतो आहे, हे त्या नावात कुठेच नाही. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या फंक्शनला एखाद्या क्लासचे (वस्तू तयार करण्याच्या साच्याचे) छोटे नाव अक्षरमालेच्या (स्ट्रिंगच्या), म्हणजे साध्या मजकुराच्या रूपात मिळते, तेव्हा त्याची स्थिती या कारकुनासारखीच असते.

हा प्रश्न आमच्यासमोर कामाच्या ओघात आला. जळगावात आम्ही चार जण मिळून शेतमालाच्या खरेदी-विक्रीच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहीत होतो. त्यात यावल-रावेर पट्ट्यातल्या केळीचा एक विभाग होता आणि कापसाचा दुसरा. दोन्ही विभागांत ‘पावती’ नावाचा क्लास होता, कारण दोन्ही व्यवहारांत त्या कागदाला पावतीच म्हणतात. पण केळीच्या पावतीत घडांची संख्या, वजन आणि कटती (वजनातून होणारी वजावट) येते, तर कापसाची पावती ही काट्यावरच्या वजनाची पावती असते. म्हणून एक क्लास ‘केळी’ या नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या वेगळ्या कप्प्यात ठेवला आणि दुसरा ‘कापूस’ या नेमस्पेसमध्ये, म्हणजे त्यांची पूर्ण नावे केळी\पावती आणि कापूस\पावती अशी झाली. पुढे दोघांनाही उपयोगी पडेल असे एक सामायिक फंक्शन लिहिले, त्याचे नाव ‘बनवा’ आणि नेमस्पेस ‘मदत’. त्याला नुसते ‘पावती’ हे नाव दिले की त्याने कॉल करणाऱ्याच्या विभागातली पावती तयार करून द्यावी, अशी आमची अपेक्षा होती. ती अपेक्षा दिसते तितकी साधी का नाही, हे समजावून सांगणे हा या लेखाचा विषय आहे.

पुढे जाण्यापूर्वी लिपीविषयी एक गोष्ट नोंदवतो. पीएचपीमध्ये क्लास, फंक्शन आणि नेमस्पेस यांची नावे देवनागरीत लिहिता येतात, त्यामुळे केळी\पावती हे नाव खरोखर चालते. भाषेचे स्वतःचे शब्द मात्र रोमन लिपीतच टंकावे लागतात. इथे ते वाचण्याच्या सोयीसाठी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत.

नेमस्पेस ही सोय पीएचपीच्या 5.3 या आवृत्तीत आली. ती आवृत्ती जून 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. फाइलच्या सुरुवातीला ‘नेमस्पेस केळी;’ असे लिहिले की त्या फाइलीत पुढे घोषित होणारे क्लास आणि फंक्शन यांच्या नावांमागे ‘केळी’ हा उपसर्ग लागतो. हा उपसर्ग कधी लागतो, हे कळले की उरलेला सगळा गुंता सुटायला लागतो. पीएचपी एखादी फाइल चालवण्याआधी ती पूर्ण वाचते आणि तिचे अंतर्गत आज्ञांमध्ये रूपांतर करते. यालाच कंपाइल करणे म्हणतात. त्याच वेळी कोडमध्ये थेट लिहिलेल्या प्रत्येक क्लासच्या छोट्या नावाचे पूर्ण नाव करून टाकले जाते. केळीच्या फाइलीत ‘न्यू पावती’ असे लिहिले असेल, तर चालवण्याच्या वेळी तिथे ‘केळी\पावती’ हेच नाव उरलेले असते. नेमस्पेसचे काम तिथे संपते. कोड चालू असताना ‘सध्या आपण अमुक नेमस्पेसमध्ये आहोत’ अशी वेगळी नोंद पीएचपी कुठेही बाळगत नाही. मागे उरतात ती फक्त उपसर्ग लागलेली नावे.

अक्षरमालेची गोष्ट वेगळी आहे. अवतरणचिन्हांत लिहिलेला ‘पावती’ हा शब्द कंपाइल करणाऱ्याच्या दृष्टीने निव्वळ मजकूर असतो, त्याला उपसर्ग लागत नाही, आणि चालवण्याच्या वेळी त्या मजकुरावरून क्लास शोधायला सांगितले तर पीएचपी तो मजकूर पूर्ण नाव मानूनच शोध घेते. म्हणजे सर्वांत वरच्या, बिननावाच्या जागतिक नेमस्पेसमधला ‘पावती’ शोधला जातो. शोध केळीच्या फाइलीतून सुरू झाला की कापसाच्या, याने काहीही फरक पडत नाही. आमच्या ‘बनवा’ फंक्शनला कॉल करणाऱ्याचा नेमस्पेस हवासा वाटला तो यासाठी.

पहिला उपाय बहुतेकांना सुचतो तो __नेमस्पेस__ हा मॅजिक कॉन्स्टंट वापरण्याचा, म्हणजे मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर असलेला शब्द. तो ‘बनवा’ फंक्शनच्या आत लिहिला तर ‘मदत’ हे उत्तर मिळते, कारण तो शब्द जिथे लिहिला आहे तिथल्या नेमस्पेसचे नाव कंपाइल होतानाच त्या जागी बसवले जाते. यावर अनेकजण आणखी एक युक्ती करून पाहतात: फंक्शनला दुसरा पॅरामीटर द्यायचा आणि त्याचे डीफॉल्ट मूल्य __नेमस्पेस__ ठेवायचे, म्हणजे कॉल करणाऱ्याने काही दिले नाही तर त्याचाच नेमस्पेस येईल. तसे होत नाही. डीफॉल्ट मूल्यही फंक्शनच्याच फाइलीत लिहिलेले असते, म्हणून तिथेही ‘मदत’च येते. स्टॅटिक::क्लास हाही इथे कामाचा नाही. तो ज्या क्लासच्या नावाने मेथड (क्लासमधले फंक्शन) बोलावली गेली तो क्लास सांगतो, बोलावणारा कोण होता हे सांगत नाही.

मग उरते डीबग_बॅकट्रेस हे फंक्शन, आणि त्याची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. कोड चालताना एका फंक्शनमधून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे असे कॉल होत जातात आणि पीएचपी त्यांची उतरंड ठेवते, कारण काम संपल्यावर परत कुठे जायचे हे तिला माहीत असावे लागते. डीबग_बॅकट्रेस ही उतरंड अॅरेच्या, म्हणजे क्रमांक लावलेल्या यादीच्या रूपात देते. अॅरेतल्या प्रत्येक नोंदीत साधारणपणे कोणते फंक्शन बोलावले गेले, ते मेथड असेल तर कोणत्या क्लासचे, आणि ते कोणत्या फाइलीतल्या कितव्या ओळीवरून बोलावले गेले, इतकी माहिती असते. नेमस्पेस असे वेगळे खाते या नोंदीत नाही. तो क्लासच्या किंवा फंक्शनच्या पूर्ण नावातून आपल्यालाच कापून काढावा लागतो, म्हणजे नावातला शेवटचा बॅकस्लॅश शोधून त्याच्या आधीचा भाग घ्यावा लागतो.

नवख्या माणसाची गल्लत होते ती नोंदींच्या क्रमांकात. ‘बनवा’च्या आत डीबग_बॅकट्रेस चालवले की 0 क्रमांकाच्या नोंदीत फंक्शनचे नाव मदत\बनवा असते, परंतु फाइल आणि ओळ मात्र ज्या जागेवरून बनवाला बोलावले त्या जागेची असते. म्हणजे एकाच नोंदीत बोलावलेल्याचे नाव आणि बोलावणाऱ्याचा पत्ता एकत्र आलेले असतात. बोलावणाऱ्याचे नाव पाहायचे तर 1 क्रमांकाच्या नोंदीकडे जावे लागते, कारण तिथे ज्या फंक्शनच्या आतून बनवाला कॉल गेला त्या फंक्शनचे नाव असते. फोनच्या नोंदवहीत प्रत्येक ओळीवर ‘कोणाला फोन आला’ आणि ‘कोणत्या नंबरवरून आला’ एवढेच लिहिलेले असावे, आणि त्या नंबरच्या मालकाचे नाव खालच्या ओळीवर पाहावे लागावे, अशी ही मांडणी आहे. ती लक्षात ठेवली की 1 क्रमांकाच्या नोंदीत क्लास असेल तर क्लासच्या नावातून, नसेल तर फंक्शनच्या नावातून नेमस्पेस काढता येतो. डीबग_बॅकट्रेसला 5.4 आवृत्तीपासून नोंदींची मर्यादाही देता येते, त्यामुळे दोनच नोंदी मागवाव्यात, आणि फंक्शनांना दिलेली मूल्ये नको आहेत असेही सांगावे. म्हणजे मोठमोठ्या मूल्यांचा भार विनाकारण उचलला जात नाही.

आम्ही हेच लिहिले आणि ते काही महिने व्यवस्थित चालले. केळीच्या क्लासमधून ‘पावती’ मागितली की केळीची पावती येई, कापसाच्या क्लासमधून मागितली की कापसाची. मग हंगामात एका सहकाऱ्याने जुन्या नोंदी भरण्यासाठी एक छोटी फाइल लिहिली. फाइलीच्या माथ्यावर ‘नेमस्पेस केळी;’ होते, पण तिच्यात ना क्लास होता ना फंक्शन; सरळ ओळीमागून ओळ लिहिलेला कोड होता, आणि ती मुख्य फाइलीतून रिक्वायर_वन्सने जोडलेली होती. तिथून बनवाला कॉल गेला तेव्हा 1 क्रमांकाच्या नोंदीत फंक्शन म्हणून ‘रिक्वायर_वन्स’ असे नाव आले. पीएचपी फाइल जोडण्याच्या क्रियेचीही त्या उतरंडीत नोंद करते. त्या नावात बॅकस्लॅश नव्हता, म्हणून आमच्या कोडने नेमस्पेस जागतिक आहे असे ठरवले. जुन्या कोडमध्ये जागतिक नेमस्पेसमध्येही एक ‘पावती’ उरलेली होती. त्यामुळे चूक दाखवणारा संदेशसुद्धा आला नाही, आणि केळीच्या नोंदी कटती न धरता भरल्या गेल्या. कटती न कापलेले वजन शेतकऱ्याच्या खात्यावर दिसले तेव्हा ती चूक हाताने शोधून दुरुस्त करावी लागली, आणि पैशांचा हिशेब असलेल्या ठिकाणी असा अंदाजावर चालणारा कोड आम्ही ठेवायला नको होता, हे मला आजही प्रामाणिकपणे वाटते.

अशा सरळ लिहिलेल्या कोडला नाव नसते, म्हणून उतरंडीतून त्याचा नेमस्पेस मिळणे शक्यच नाही. फाइल थेट चालवली असेल तर 1 क्रमांकाची नोंदच नसते. हाती असतो तो 0 क्रमांकाच्या नोंदीतला पत्ता, म्हणजे फाइल आणि ओळ. त्यावरून ती फाइल उघडून, टोकन_गेट_ऑल या फंक्शनने तिचे सुटे शब्द पाडून, त्या ओळीच्या आधीचे शेवटचे नेमस्पेसचे विधान शोधता येते. ‘आधीचे शेवटचे’ असे म्हणण्याचे कारण, एका फाइलीत एकाहून अधिक नेमस्पेस असू शकतात आणि महिरपी कंसांत बांधलेलेही असू शकतात. शिवाय 8.0 या आवृत्तीत शब्द पाडण्याची पद्धतच बदलली: पूर्वी केळी\निर्यात या नावाचे तीन तुकडे होत, आता ते एकच टोकन म्हणून येते, त्यामुळे जुना कोड नव्या आवृत्तीवर चुकीचे उत्तर देतो. आणि इव्हॅलने, म्हणजे मजकूर थेट कोड म्हणून चालवणाऱ्या आज्ञेने चालवलेल्या कोडला तर उघडण्यासारखी फाइलच नसते. एका क्लासचे नाव जुळवण्यासाठी दर कॉलला फाइल वाचत बसणे हे काम चालू सॉफ्टवेअरमध्ये करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाव असलेल्या ठिकाणीही अडचणी आहेतच. बनवा हे फंक्शन अॅरे_मॅपला (अॅरेतल्या प्रत्येक घटकावर दिलेले फंक्शन चालवणाऱ्या फंक्शनला) थेट सोपवले, तर 1 क्रमांकाच्या नोंदीत अॅरे_मॅप दिसते आणि खरा बोलावणारा 2 क्रमांकावर जातो. मधले असे अंगभूत फंक्शन ओलांडून पुढे पाहायचे, तर दोन नोंदींची मर्यादा पुरत नाही. क्लोजर म्हणजे बिननावाचे फंक्शन. त्याचे नाव पूर्वी महिरपी कंसांतला ‘क्लोजर’ हा शब्द आणि त्याआधी नेमस्पेस असे येई, 8.4 आवृत्तीपासून त्या कंसांच्या आत, ज्या फंक्शनमध्ये क्लोजर लिहिला आहे त्याचे नाव आणि ओळीचा क्रमांकही येतो. शेवटचा बॅकस्लॅश शोधून नाव कापणारा कोड तिथे अर्धवट कंस आणि ‘क्लोजर’ हा शब्द यांच्यासकट काहीतरी भलतेच तोडून देतो.

वारसा आणि ट्रेट (अनेक क्लासमध्ये उतरवून घेता येणारा मेथडचा संच) यांच्याबाबतीत तर ‘कॉल करणारा कोड’ म्हणजे नक्की कोण, हाच प्रश्न उभा राहतो. सामायिक\दस्तऐवज हा पालक क्लास आहे आणि केळी\विक्री हा त्याचा वारस आहे, असे धरू. बनवाला कॉल करणारी मेथड पालकात लिहिलेली असेल आणि वस्तू वारसाची असेल, तर उतरंडीत क्लासचे नाव पालकाचे येते, म्हणजे नेमस्पेस ‘सामायिक’ निघतो, जरी व्यवहार केळीचा असला तरी. ट्रेटमध्ये हे उलटे होते. ट्रेटमधली मेथड वापरणाऱ्या क्लासमध्ये उतरवून घेतली जाते, म्हणून उतरंडीत वापरणाऱ्या क्लासचे नाव दिसते. पण त्याच मेथडच्या आत लिहिलेला __नेमस्पेस__ मात्र ट्रेटच्या फाइलीचा नेमस्पेस सांगतो. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, एवढेच.

इतके सगळे अडथळे पार करून नेमस्पेस अचूक मिळाला, असे धरले तरी आमचे काम झाले नसते, आणि ही गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली. क्लासच्या छोट्या नावाचा अर्थ एकट्या नेमस्पेसवर ठरत नाही. फाइलीच्या माथ्यावरच्या यूज विधानांवरही ठरतो, म्हणजे या फाइलीत अमुक छोटे नाव कोणत्या पूर्ण नावासाठी आहे हे सांगणाऱ्या ओळींवर. वाशीमचा एखादा व्यापारी धुळ्याजवळच्या मालेगावशीच व्यवहार करत असेल आणि त्याने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर ‘या वहीत मालेगाव म्हणजे नाशिक जिल्ह्यातले’ असे लिहून ठेवले असेल, तर त्याच्या वहीपुरता तोच अर्थ खरा. कारकुनाने फोनचा नंबर पाहून तो वाशीमचा आहे हे ओळखले, तरी पार्सल चुकीच्या गावाला जाईल, कारण वहीचे पहिले पान त्याला दिसत नाही. केळीच्या एखाद्या फाइलीत ‘यूज कापूस\पावती;’ असे लिहिलेले असेल, तर त्या फाइलीत थेट लिहिलेला ‘पावती’ हा शब्द कापसाची पावती दाखवतो. नेमस्पेस ‘केळी’ आहे हे ओळखून त्याला ‘पावती’ जोडणारे फंक्शन तिथे केळी\पावती बनवील, आणि फाइल वाचणाऱ्या माणसाच्या समजुतीशी ते विसंगत असेल. यूज विधानेसुद्धा कंपाइल होतानाच खर्ची पडतात. ती चालवण्याच्या वेळी मिळवण्याची कोणतीही सोय डीबग_बॅकट्रेसमध्ये नाही.

म्हणून पूर्ण नाव ठरवण्याचे काम कॉल करणाऱ्यानेच, स्वतःच्या फाइलीत करावे. त्यासाठी 5.5 या आवृत्तीत आलेली सोय अगदी पुरेशी आहे: अवतरणांतल्या ‘पावती’ऐवजी पावती::क्लास असे लिहायचे. हे दिसायला जवळपास सारखेच असले तरी कंपाइल होताना नेमस्पेस आणि यूज विधाने दोन्ही विचारात घेऊन त्या जागी पूर्ण नावाची अक्षरमाला बसते. त्यासाठी तो क्लास लोड होण्याचीही गरज पडत नाही. बनवाला मग केळी\पावती असे पूर्ण नाव आयते मिळते आणि बोलावणारा क्लास आहे, क्लोजर आहे की नुसत्या ओळी आहेत, याची त्याला चौकशी करावी लागत नाही. यूज विधान काहीही असो, याच नेमस्पेसमधली पावती हवी असेल, तर नेमस्पेस\पावती::क्लास असे लिहावे. इथला ‘नेमस्पेस’ हा शब्द चालू नेमस्पेसच्या जागी उभा राहतो.

कधीकधी क्लासचे नाव आधी माहीत नसते. विभागाच्या नावावरून दहा-बारा प्रकारचे कागद तयार करायचे असतात आणि खरोखर नेमस्पेसच हवा असतो. तेव्हा तो सरळ पॅरामीटर म्हणून मागावा आणि कॉल करणाऱ्याने तिथे __नेमस्पेस__ लिहावे. दर वेळी लिहिणे जड वाटत असेल, तर प्रत्येक विभागाने सुरुवातीला एकदाच हा नेमस्पेस देऊन एक कारखाना-वस्तू तयार करावी आणि पुढे तिच्याकडून छोट्या नावाने कागद मागावेत. आम्ही शेवटी असेच केले. पाहण्याच्या दृष्टीने कोड थोडा लांबला, पण फाइल उघडणाऱ्या नव्या मुलाला कोणता कागद कुठून येतो, हे न विचारता कळू लागले.

एखादा क्लास किंवा फंक्शन हाती असेल आणि त्याचा नेमस्पेस पाहिजे असेल, तर बॅकस्लॅश मोजण्याऐवजी रिफ्लेक्शनची (कोडविषयीच माहिती देणाऱ्या पीएचपीतल्या सोयीची) गेटनेमस्पेसनेम ही मेथड वापरावी. जागतिक नेमस्पेससाठी ती रिकामी अक्षरमाला देते. आणि डीबग_बॅकट्रेस टाकाऊ आहे, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी घेऊ नये. लॉगमध्ये कॉल कुठून आला हे लिहिण्यासाठी, किंवा ‘हे फंक्शन आता वापरू नका’ अशी सूचना देताना त्या जागेची फाइल आणि ओळ दाखवण्यासाठी, त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. तिथे वाचणारा माणूस असतो आणि उत्तर अर्धवट असले तरी तो ते समजून घेतो.

क्लासचे नाव डेटाबेसमध्ये साठवायचे असेल, तेव्हाही पूर्ण नावच साठवावे. पावती::क्लास जे नाव देतो त्याच्या सुरुवातीला बॅकस्लॅश नसतो. जुन्या नोंदींत कोणी हाताने सुरुवातीचा बॅकस्लॅश लिहून ठेवला असेल, तर दोन नावांची तुलना करण्याआधी तो काढून टाकावा लागतो. आमच्या जुन्या तक्त्यात दोन्ही प्रकारची नावे होती, आणि कारखाना-वस्तूकडे वळण्याआधी ती एकसारखी करून घेण्यात आमचा एक पूर्ण दिवस गेला.